बारा आणे रोज: पैशाची गाणी आणि गाणाऱ्यांचा पैसा

पैशावरच्या लोकप्रिय गाण्यांची ढोबळमानाने दोन घराणी मानता येतात. पहिल्या घराण्यातला गायक पैशाची स्वप्ने रंगवतो, तो हाती लागत नाही म्हणून कुरकुरतो किंवा ज्यांच्या हाती लागला त्यांची टिंगल करतो. दुसऱ्या घराण्यातला गायक पैशाकडे आपले येणे म्हणून पाहतो आणि ते येणे कोणाकडे, किती काळ आणि कोणत्या भावाने अडकून पडले आहे याचा पाढा श्रोत्यांसमोर वाचतो. स्वीडनच्या ‘ॲबा’ या चमूचे १९७६ मधील ‘मनी, मनी, मनी’ हे गाणे पहिल्या घराण्यातले, कारण त्यात रात्रंदिवस राबणारी स्त्री एखाद्या श्रीमंत पुरुषाच्या आधाराची कल्पना करून मन रमवते. नाण्यांचा खणखणाट आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा आवाज ध्वनिफितीचे तुकडे जोडून सात मात्रांच्या आवर्तनात बसवणारे ‘पिंक फ्लॉइड’चे १९७३ मधील ‘मनी’ हे गाणेही, त्यातला उपरोध जमेस धरला तरी, त्याच घराण्यातले ठरते. मराठीतही या घराण्याची गाणी आहेत, आणि पावसाला पैशाचे आमिष दाखवून शेवटी खोटे नाणे हाती ठेवणारे बालगीत हा त्यांपैकी बहुधा सर्वांना तोंडपाठ असलेला नमुना आहे. तरीही मराठी मुलखातल्या पैशाच्या गाण्यांचे खरे वजन दुसऱ्या घराण्यात आहे, आणि हे घराणे कशातून वाढले हे समजून घ्यायचे असेल तर उत्तर कोकणातला पालघर, बोईसर आणि तारापूरचा पट्टा त्यासाठी फार सोयीचा आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यात पैसा माणसापर्यंत तीन वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो. सातपाटी, तारापूर, डहाणू अशा किनाऱ्यावरच्या गावांत तो मासळीच्या विक्रीतून येतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या डोंगराळ आदिवासी तालुक्यांत तो पिढ्यानपिढ्या उचल, म्हणजे पुढच्या कामापोटी आधीच घेतलेली रक्कम, या रूपाने येत राहिला आहे. आणि लोहमार्गालगतच्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत तो महिन्याच्या पगाराच्या किंवा ठेकेदाराने दिलेल्या हजेरीच्या रूपाने येतो. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले आणि शेजारी रसायने, औषधे, पोलाद व कापड यांचे कारखाने वाढत गेले, त्यामुळे एका पिढीच्या आत या भागात देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कामगार वस्तीला आले. या तिन्ही वाटांवर गाणी आहेत, मात्र ती एकसारखी नाहीत.

किनाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ज्या कोळीगीतांनी महाराष्ट्राला वेड लावले त्यांत समुद्र, होडी, वारा आणि प्रेम भरपूर आहे, पण मासळीचा भाव जवळजवळ नाही. शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेले ‘मी डोलकर’ हे गाणे लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले, आणि त्याच्या देखणेपणाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तथापि ते किनाऱ्याबाहेरच्या श्रोत्याला किनारा दाखवण्यासाठी रचलेले गाणे आहे, आणि कोळी घरात पैशाचा व्यवहार पुष्कळ अंशी मासळी विकणाऱ्या बाईच्या हाती असतो ही गोष्ट त्या देखाव्यात बसत नाही. ज्या पापलेटसाठी सातपाटी प्रसिद्ध आहे त्याला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, परंतु त्या माशाच्या घटत्या आवकीचे किंवा डिझेलच्या खर्चाचे गाणे लोकप्रिय झाल्याचे दिसत नाही. गाण्याचा ग्राहक शहरात असला की त्याला नको असलेला हिशेब गाण्यातून आपोआप गळतो, एवढेच यावरून म्हणता येईल.

डोंगराकडच्या बाजूला गेले की चित्र पालटते. वारली समाजाच्या जुन्या गाण्यांत संपत्ती आहे, परंतु ती नाण्यांची नाही. ती धान्याची आहे. कणसरी ही धान्याची देवी, आणि तिची कथा भगत, म्हणजे गावातला देवकार्य करणारा व औषधपाणी जाणणारा माणूस, घांगळीच्या साथीवर गातो. घांगळी म्हणजे बांबूच्या दांडीला भोपळे जोडून केलेले तंतुवाद्य, आणि तिचा सूर इतका मंद असतो की तो ऐकण्यासाठी माणसांना जवळ बसावे लागते. कणसरीच्या कथेत धान्य घरात येणे ही देवीची कृपा असते आणि ते संपणे हा तिचा रुसवा असतो. तिथे व्याज नसते, मुदत नसते आणि गहाणखतही नसते. ज्या समाजात वर्षाची कमाई कणगीत मोजली जात होती, त्या समाजाच्या गाण्यात रुपया फार उशिरा आला आणि आला तो कर्जाच्या रूपाने, ही गोष्ट या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे.

कर्जाचे सर्वांत मोठे निमित्त लग्न हे होते. वारली लग्नात धवलेरी ही जाणती स्त्री विधी चालवते आणि गाणी म्हणते. भिंतीवर सुवासिनी चौक रेखाटतात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय हे लग्न पुरे होत नाही. अशा रीतीने ज्या समारंभात या समाजाचे सर्वांत समृद्ध गायन घडत होते, त्याच समारंभाच्या खर्चासाठी तरुण वारली जमीनदाराकडून थोडे पैसे आणि धान्य घेई आणि त्याच्या फेडीसाठी तो व त्याची नवी नवरी वर्षानुवर्षे, कित्येकदा आयुष्यभर, त्या जमीनदाराच्या घरी राबत. या वेठीला ‘लग्नगडी’ची पद्धत म्हणत. गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकात या पद्धतीचे जे वर्णन केले आहे, ते वाचल्यानंतर लग्नाचे गाणे आणि कर्जाचे खाते एकाच मांडवाखाली सुरू होत असे हे विधान अतिशयोक्त वाटत नाही.

या पद्धतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लढ्याचा पहिला हिशेब अगदी साधा होता. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली, आणि तिथून स्फूर्ती घेऊन परतलेल्या वारल्यांनी २३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातल्या झरी या गावी मोठी सभा भरवली. दिवसाला रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर कामाला जायचे नाही आणि फुकटची वेठ यापुढे करायची नाही, असे त्या सभेत ठरले. बारा आणे म्हणजे रुपयाचा पाऊण भाग. सोळा आण्यांच्या रुपयातले चार आणे सोडून दिलेली ही मागणी होती, आणि तिचे सामर्थ्य तिच्या रकमेपेक्षा ‘रोख’ या अटीत अधिक होते, कारण धान्यात मिळणारी मजुरी कर्जाच्या खात्यात वळती करून घेणे सावकाराला सोपे जात असे. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये असा दर मागण्यात आला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

अशा कर्जाचे जगप्रसिद्ध गाणे नेमके त्याच सुमारास अमेरिकेत तयार झाले. केंटकी राज्यातल्या कोळसा खाणींच्या परिसरात वाढलेल्या मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४६ मध्ये ‘सिक्स्टीन टन्स’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि १९५५ मध्ये टेनेसी एर्नी फोर्ड यांच्या भारदस्त आवाजात ते प्रचंड गाजले. खाणमालक तिथल्या मजुरांना पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या टोकनांत वेतन देत, ती टोकने कंपनीच्याच दुकानात चालत, आणि दुकानातली उधारी वेतनापेक्षा नेहमी चार पावले पुढे असे; गाण्याचा नायक मरणालासुद्धा सुट्टी मागू शकत नाही, कारण त्याचा जीव दुकानाकडे गहाण पडलेला आहे. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य उसने घ्यावे, ज्याला इकडे खावटी म्हणतात, आणि कापणीनंतर ते वाढीव मापाने फेडावे, या डहाणू-तलासरीकडच्या चक्राशी त्याचे साम्य उघड आहे. फरक इतकाच की ट्रॅव्हिस यांच्या गाण्याच्या लाखो तबकड्या विकल्या गेल्या आणि लग्नगड्याचे गाणे तबकडीवर कधी चढले नाही.

तबकडीवर चढले ते दुसरेच बारा आणे. १९५८ मध्ये आलेल्या ‘चलती का नाम गाडी’ या चित्रपटात किशोरकुमार मोटारदुरुस्तीचे बुडालेले पाच रुपये बारा आणे मधुबालाकडे मागत फिरतात, आणि मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द व सचिनदेव बर्मन यांचे संगीत असलेले ते गाणे आजही लोकांच्या ओठांवर आहे. ती रक्कम इंदूरच्या कॉलेजातल्या उपाहारगृहात किशोरकुमार यांच्याच नावावर राहिलेल्या उधारीची होती, अशी आख्यायिका सांगतात. नाण्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने या गाण्याला आणखी एक गंमत आहे: १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी सुरू झाली होती आणि बारा आण्यांचे पंच्याहत्तर नये पैसे झाले होते, तरी वर्षभराने आलेल्या या गाण्याने आणे सोडले नाहीत, कारण बाजारात माणसे अजून आण्यांतच बोलत होती. हिंदी चित्रपटांतली पैशाची गाणी बहुतेक अशीच खेळकर आहेत. त्यांतला नायक कफल्लक असला तरी त्याला उपाशी झोपावे लागत नाही, आणि ‘सबसे बडा रुपैया’सारखे उद्गार काढून झाले की चित्रपट प्रेमाकडे वळतो.

हिशेबाचे गंभीर गाणे गाण्याची जबाबदारी त्या काळात शाहिरांनी घेतली. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९), अमर शेख (१९१६–१९६९) आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले आणि तमाशाच्या मूळच्या अंगांना, म्हणजे गण, गवळण, बतावणी, वग यांना, गिरणीतल्या आणि शेतातल्या मजुराच्या प्रश्नांकडे वळवले. ‘अकलेची गोष्ट’ या अण्णाभाऊंच्या लोकनाट्यात सावकारी पिळवणुकीची जी खिल्ली आहे, ती याच काळातली. या परंपरेतला पैसा समजून घेण्यासाठी मुंबईवरच्या दोन लावण्या शेजारी शेजारी ठेवणे उपयोगाचे ठरते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी आपल्या प्रसिद्ध लावणीत मुंबईची श्रीमंती, तिचे बाजार, तिची वाहने आणि तिचा थाट बाहेरगावच्या माणसाच्या विस्फारलेल्या नजरेने वर्णिला. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिताना त्याच शहराची जमा आणि खर्च अशी दोन पाने उघडली. एका पानावर मलबार हिलची ऐट आणि दुसऱ्या पानावर कामगारांच्या वस्त्यांतली दाटी. लावणीची चाल, तिची लय आणि तिचा नखरा तोच ठेवून नजर तेवढी बदलायची, ही करामत दिसते तितकी सोपी नाही, आणि मराठी शाहिरीतल्या पैशाच्या गाण्याला खरी दिशा तिथूनच मिळाली असे मानण्यास जागा आहे.

अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीचा पालघर जिल्ह्याशी असलेला संबंध सहसा कोणी सांगत नाही. छकड हा लावणीच्या जवळचा, ठसकेबाज ठेक्यावर गायचा रचनाप्रकार आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेल्या या रचनेत पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतो. पैशाने त्याला गावापासून तोडले आहे आणि शहरात पुरेसा पैसा मात्र दिलेला नाही. पुढे त्या विरहातच कवी तुकडे झालेल्या महाराष्ट्राचे दुःख ओवतो, आणि बेळगाव, कारवार, डांग यांच्या जोडीला उंबरगावचे नाव घेतो. हे उंबरगाव म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा उत्तर टोकाचा तालुका, ज्यातल्या झरी गावी बारा आण्यांचा निर्णय झाला होता. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले, आणि झरी-तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. गाण्यातले भूगोलाचे उल्लेख बहुधा यमकासाठी असतात असा समज आहे. इथे मात्र एका तालुक्याच्या नावामागे पंधरा वर्षांचा मजुरीचा आणि सीमेचा इतिहास उभा आहे.

याच प्रवाहात, पण स्वतःच्या वेगळ्या बाण्याने, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचे हे कवी मुंबईत मिळेल ती अंगमेहनतीची कामे करत मोठे झाले, वयात आल्यावर अक्षरे शिकले आणि १९४३ पासून आंबेडकरी चळवळीसाठी गाणी रचू लागले. देशातल्या बड्या उद्योगपतींना नावानिशी हाक मारून, धनाचा साठा कुठे आहे आणि त्यातला आमचा हिस्सा कुठे आहे, असे थेट विचारणारे त्यांचे गाणे मराठीतले पैशावरचे सर्वांत लोकप्रिय गाणे म्हणावे लागेल. त्यात हेवा नाही आणि दीनवाणेपणाही नाही. भावकीतल्या माणसाने वडिलार्जित जमिनीच्या वाटणीबद्दल बोलावे तसा त्याचा सूर आहे. गाण्याची भाषा इतकी सोपी आहे की पहिल्याच ऐकण्यात ती समूहाला उचलता येते, आणि प्रश्नार्थक धृपदामुळे श्रोत्यांना गप्प बसता येत नाही. वामनदादांची ही गाणी मुंबईपासून विदर्भापर्यंत गायनपार्ट्यांनी, म्हणजे एक मुख्य गायक, कोरस, ढोलकी आणि पेटी एवढ्यावर रात्र जागवणाऱ्या मंडळींनी, गावोगाव नेली. रेकॉर्ड कंपन्यांचा त्यात फारसा वाटा नव्हता.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मराठी शाहिरीच्या बरोबरीने दुसऱ्या भाषांतले पैशाचे गाणेही पोहोचले आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून इथे कामाला आलेल्या माणसांच्या मागे भोजपुरी लोकगीतांची एक मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातले एक गाणे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ठेवावे असे आहे. नवरा परगावी गेलेली स्त्री आधी आगगाडीला वैरीण म्हणते, मग जहाजाकडे बोट दाखवते, आणि अखेर तिच्या लक्षात येते की गाडी आणि जहाज ही नुसती साधने आहेत, खरा वैरी पैसा आहे, कारण तोच माणसाला देशोधडीला लावतो. सारण जिल्ह्यातल्या भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांच्या ‘बिदेसिया’ या नाटकात कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याची आणि मागे राहिलेल्या बायकोची हीच गोष्ट सविस्तर येते. अण्णाभाऊंच्या छकडीत हा विरह पुरुषाच्या तोंडून आला आहे आणि भोजपुरी गीतात बाईच्या. दोन्ही रचनांमधले अंतर हजार मैलांचे असले तरी हिशेबाची वही एकच आहे. लोहमार्गाशेजारच्या वस्तीत ही दोन गाणी एकमेकांच्या कानी पडण्याइतकी माणसे जवळ राहतात. त्यांच्या भेटीतून नवे गाणे का निर्माण झाले नाही, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. ठेकेदारीवर आलेला कामगार एका जागी फार काळ टिकत नाही आणि गायनपार्टी उभी राहायला चाळीतली स्थिर वस्ती लागते, हे त्याचे एक कारण असू शकते.

लोहमार्गाचे स्वतःचेही एक गायन आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या चाकरमान्यांनी डब्याडब्यांत भजनी मंडळे चालवली, आणि एप्रिल २०१३ मध्ये लोकलची सेवा विरारच्या पुढे डहाणूपर्यंत वाढल्यावर पालघर-बोईसरच्या प्रवाशांनाही हा रोजचा सत्संग अधिक जवळ आला. पगारासाठी दिवसाचे कित्येक तास गाडीत घालवणारी माणसे त्या गाडीत धनाला तुच्छ लेखणारे अभंग टाळ-चिपळ्यांवर गातात, यात विसंगती शोधणाऱ्याला ती सापडेल. परंतु तुकोबांचे अभंग नीट पाहिले तर ती बरीचशी मावळते. तुकाराम महाराज स्वतः महाजनकी असलेल्या घरातले, दुकानदारी आणि दुष्काळ दोन्ही पाहिलेले. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्यापाशी ठेवली, असे परंपरा सांगते. त्यांच्या एका अतिशय प्रसिद्ध अभंगात चोख व्यवहाराने धन जोडण्याचा सल्ला आधी येतो आणि ते निर्लेप मनाने खर्च करण्याचा नंतर. अर्थात धन मिळवू नये असे तुकोबा म्हणत नाहीत. ते कसे मिळवले याची चौकशी ते करतात, आणि म्हणून शाहिरांच्या घराण्याशी त्यांचे नाते पहिल्या नजरेला वाटते त्याहून जवळचे आहे.

आता गाण्यातल्या पैशाकडून गाणाऱ्यांच्या पैशाकडे वळले पाहिजे, कारण तिथला हिशेब अधिक अवघड आहे. तमाशा आणि संगीतबारी यांत ‘दौलतजादा’ नावाची प्रथा आहे: बैठकीतला रसिक आवडत्या लावणीसाठी किंवा तिच्या पुनरावृत्तीसाठी नाचणारीच्या हाती पैसे देतो, आणि ती रक्कम पुढे नर्तकी, गायिका, ढोलकीवाला, पेटीवाला आणि थिएटरचा मालक यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे इथे पैसा गाण्याचा विषय राहत नाही, गाण्याच्या चालू आवर्तनात शिरून तो त्याची दिशा बदलतो. फडाच्या तमाशात कलावंत हंगामाच्या आधी फडमालकाकडून उचल घेतात आणि वर्षभर ती फेडत राहतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात तीही अशीच उचल घेऊन, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वीट पाडणारा आणि ढोलकी वाजवणारा यांच्या करारात इतके साम्य असावे हा योगायोग नाही. दोघांच्याही कामाचा हंगाम ठरलेला आहे आणि हंगामाबाहेरच्या भुकेची व्यवस्था कोणी केलेली नाही. ज्यांच्या लावण्यांवर मराठी तमाशाची कित्येक वर्षे चालली त्या पठ्ठे बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, आणि विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतिपदक मिळूनही आर्थिक ओढाताण चुकली नाही.

तारपा या वारली वाद्याचे वेळापत्रक याच उचलीशी टक्कर घेते. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनलेला तारपा भाताची कणसे भरू लागल्यापासून सुगीच्या दिवसांत वाजतो आणि त्याच्याभोवती फेर धरून रात्रभर नाच चालतो. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, म्हणून हे काम दमदार छातीचेच असते. सुगी सरली, दिवाळी झाली की स्थलांतर सुरू होते, आणि ज्या तरुणाने एरवी वडिलांच्या शेजारी बसून तारप्याच्या चाली शिकायच्या, तो भट्टीवर असतो. कलेचा ऱ्हास म्हटले की दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांना दोष देण्याची पद्धत पडली आहे. पालघरपुरते तरी उचलीच्या तारखा तपासणे अधिक फलदायी ठरेल.

गाण्याच्या मालकीविषयीचा कायदाही या कलावंतांच्या फारसा उपयोगी पडत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना मोठा आधार दिला. गाणे चित्रपटगृहाबाहेर वाजवले गेले तर त्यांना स्वामित्वधनात, म्हणजे वापरापोटी मिळणाऱ्या रकमेत, समान वाटा मिळतो आणि हा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. असे संरक्षण नसले तर काय होते याचा दाखला अमेरिकेत आहे: मोटाउन कंपनीच्या उदयकाळी, १९५९ मध्ये, ‘मनी’ हे गाणे गाणाऱ्या बॅरेट स्ट्राँग यांचे नाव सहरचनाकार म्हणून आधी नोंदले गेले, पुढे नोंदीतून वगळले गेले, आणि पैसाच हवा असे ठासून सांगणाऱ्या त्या गाण्याच्या कमाईसाठी ते पुढे अनेक वर्षे झगडत राहिले. परंतु स्ट्राँग यांना निदान भांडायला एक नोंद होती. धवलेरीच्या गाण्याला, घांगळीवरच्या कथेला किंवा तारप्याच्या चालीला कायद्याच्या भाषेत कर्ताच नाही. ती परंपरेची, म्हणून कोणाचीच नाही. त्यांपैकी एखादी चाल विजेच्या वाद्यांवर बसवून लग्नाच्या मिरवणुकीत वाजली आणि इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिली, तरी तिच्या उत्पन्नातून मूळ वादकाच्या पाड्यावर काही पोहोचण्याची व्यवस्था नाही.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी आयुष्यभर तारपा वाजवला आणि बनवला, आणि नव्वदी ओलांडल्यावर २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पद्म पुरस्कारासोबत सनद आणि पदक मिळते, रोख रक्कम मिळत नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारचे मासिक मानधन वेगळे आहे. पूर्वी ते कलावंताच्या श्रेणीनुसार कमीअधिक असे आणि २०२४ पासून सर्वांना सारखे ५,००० रुपये झाले. त्यासाठी अर्ज करावा लागतो, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, आणि कलेच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्याचे कागदोपत्री पुरावे द्यावे लागतात. सुगीच्या रात्री खळ्यावर वाजवलेल्या तारप्याची पावती कोणी फाडत नाही, आणि त्यामुळे पाड्यावरच्या म्हाताऱ्या वादकाचा अर्ज पुराव्याच्या रकान्यापाशी येऊन अडतो.